हुंडणावळ

मराठीच्या तासाला कधीमधी एखादा शब्द असा निघतो की सगळा वर्ग माना वर करून बघतो. 'हुंडणावळ' हा त्यांतलाच एक. जुन्या पत्रव्यवहारातला उतारा वाचताना तो आला, मी अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरून उत्तर आले, "लग्नातला हुंडा ठरवायची बैठक!" वर्ग हसला आणि मीही हसले. उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. घासाघीस दोहींकडे सारखीच असते. पण हुंडणावळ म्हणजे हुंडीचा भाव. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी पोचता करायचा, तर मधला सराफ जे कापून घेई, ते. आज बँकेच्या खिडकीपाशी डॉलरचा जो दर आपल्याला ऐकवतात तो या शब्दाचा पणतू आहे. फरक इतकाच की सराफ हुंडणावळ तोंडाने सांगे, आणि आजची बँक ती दराच्या पोटात दडवून ठेवते.

हुंडीची व्यवस्था मोठी देखणी होती. काशीला निघालेल्या यात्रेकरूने कमरेला रुपयांचा कसा बांधून चोराचिलटांची वाट चालायचे कारण नव्हते. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरायची, सराफाने काशीच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यायची, की काम झाले. दाखवताक्षणी पैसे देणारी ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी देणारी ती मुदती, आणि कोणाही सोम्यागोम्याला न देता पत असलेल्या इसमालाच द्यायची ती शहाजोग. ('शहाजोग' हा शब्द आज आपण कोणत्या अर्थाने वापरतो हे पाहिले की भाषाही पैशासारखी प्रवासात झिजते हे पटते.) रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून 'अमुक रुपये, ज्याचे निम्मे तमुक' असे लिहीत. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत ती पेठ, तीही हरवली तर परपेठ. एवढा विचार करून ठेवणाऱ्या माणसांना आपण अडाणी समजतो.

आणि गंमत अशी की पैसा प्रत्यक्षात कोठेच जात नसे. जात असे तो निरोप. आजही तसेच आहे. पुण्याच्या बँकेतून अमेरिकेच्या बँकेत पैसे 'पाठवले' म्हणजे विमानात नोटांची पेटी चढत नाही. बेल्जममध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या 'स्विफ्ट' नावाच्या संस्थेच्या तारायंत्रातून एक निरोप जातो. इथल्या बँकेचे तिथल्या बँकेत जे खाते असते त्यातून रक्कम वजा होते आणि तुमच्या नावावर जमा होते. मध्ये एखादी तिसरी बँक असली तर तीही निरोप पुढे देण्याचे पंचवीसेक डॉलर मटकावते. तेव्हा अर्जात 'सर्व खर्च पाठवणाऱ्याचा' हा पर्याय असला तर तो वाचून खूण करावी, नाहीतर घरमालकाला द्यायची रक्कम नेमकी थोडीशी कमी भरते. इथे एक खुलासा करून टाकते. हुंडीचे मी एवढे कौतुक केले म्हणून कोणी 'हवाला'वाल्याचा पत्ता शोधू नये. अधिकृत बँका-दलालांना वगळून देशाबाहेर पैसा पाठवणे हा आज गुन्हा आहे.

एवढे सगळे मी का शिकले, तर आमच्या भाच्यामुळे. त्याच्या कंपनीने त्याची अमेरिकेला बदली केली. बायको आणि पाच वर्षांची मुलगी यांच्यासह २०२५ च्या एप्रिलमध्ये जायचे ठरले. ताईने पुरणपोळ्या केल्या, शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी घरात पहिला वाद झाला. वाद भाच्याच्या जाण्यावरून झाला नाही. तो झाला त्याच्या पैशांवरून.

भाच्याचे म्हणणे साधे होते. बारा वर्षांची दोघांची शिल्लक आहे, तिच्यातली बरीचशी बरोबर न्यावी. तिथे पहिल्या दिवसापासून खर्च आहे. अण्णांचे, म्हणजे त्याच्या वडिलांचे, म्हणणेही साधेच होते. "खर्चापुरते ने. बाकीचे राहू दे इथे. इथे व्याज जास्त आहे." ताई मला आत घेऊन हळूच म्हणाली, "व्याजाचं काही नाही गं. पैसे इथे असले तर तो परत येईल, असं त्यांना वाटतं."

अण्णा सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या तरुणपणी पैसे न्यायचे की ठेवायचे हा प्रश्नच नव्हता, कारण नेता येतच नव्हते. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले तेव्हा परकीय चलनावर जे नियंत्रण बसले, त्याचा १९४७ साली कायदा झाला. तोही तात्पुरता म्हणून आला आणि, तात्पुरत्या गोष्टींच्या रीतीप्रमाणे, कायमचा राहिला. १९७३ साली तो आणखी कडक झाला. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेला गेलेल्या कोणाही वडीलधाऱ्याला विचारा. रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' आणि खिशातले आठ डॉलर या दोन गोष्टी ते पाढ्यासारख्या म्हणून दाखवतात. माणसाला जाऊ देत, त्याच्या पुंजीला नाही. त्यातच ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवशी चार रुपये शहात्तर पैशांना मिळणारा डॉलर दुसऱ्या दिवशी साडेसात रुपयांना झाला, आणि ज्यांची मुले तिकडे शिकत होती त्या आईबापांनी रातोरात हिशेब नव्याने मांडले.

आपल्याकडे निदान कोणी हाकलून देत नव्हते. युगांडात १९७२ च्या ऑगस्टमध्ये ईदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला आणि बरोबर न्यायची मुभा ठेवली ती पन्नास पौंडांची. त्यांत गुजराती होते तसे गोमंतकीयही होते. दुकाने, घरे, बँकेतल्या ठेवी, सगळे मागे. अण्णांना ही गोष्ट ठाऊक होती, आणि गंमत म्हणजे ती त्यांनी स्वतःच्या बाजूने सांगितली. "म्हणून म्हणतो, परक्या देशात सगळं ठेवू नये." सूनबाई शांतपणे म्हणाली, "पण अण्णा, त्यांनी तर सगळं एकाच ठिकाणी ठेवलं होतं, म्हणून गेलं ना?" अण्णा चहा प्यायले.

कायदा आता पुष्कळ बदलला आहे. १९९९ चा नवा कायदा १ जून २००० पासून अमलात आला, आणि २००४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एक योजना काढली. तिच्यान्वये इथे राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला एका आर्थिक वर्षात ठरावीक रक्कम परदेशी पाठवता येते. सुरुवातीला मर्यादा पंचवीस हजार डॉलरांची होती. ती वाढत वाढत दोन लाखांवर गेली. २०१३ साली रुपया गडगडला तेव्हा एकदम पंचाहत्तर हजारांवर खाली ओढली. आणि २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर आहे. नवऱ्याची निराळी, बायकोची निराळी. आठ डॉलरांवरून अडीच लाख! अण्णांनी हा आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

मात्र ही योजना 'निवासी' माणसासाठी आहे. इथे माझ्या विषयाचा संबंध येतो, म्हणून जरा थांबते. 'निवासी' या एका शब्दाचे आपल्या सरकारात दोन अर्थ आहेत. परकीय चलनाच्या कायद्यापुरते बोलायचे तर जो नोकरीसाठी देश सोडून गेला तो गेल्या दिवसापासून अनिवासी. आयकराच्या कायद्यात मात्र वर्षातले दिवस मोजतात. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्याला एकशे ब्याऐंशीचा आकडा पाहावा लागतो. म्हणजे फेब्रुवारीत गेलेला माणूस मार्चमध्ये बँकेच्या लेखी अनिवासी आणि आयकर कचेरीच्या लेखी निवासी असू शकतो. आमच्या व्याकरणात असे झाले असते तर विद्यार्थ्यांनी संप केला असता.

या योजनेला एक काटाही आहे. वर्षात ठरावीक रकमेच्या वर पैसे पाठवले की बँक वरच्या रकमेवर कर आगाऊ गोळा करते. शिक्षण आणि औषधोपचार यांना सवलत आहे. बाकी कारणांसाठी हा दर २०२३ च्या ऑक्टोबरपासून तब्बल वीस टक्के झाला. तो बुडत नाही. विवरणपत्र भरल्यावर देण्याच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. पण जाण्याच्या धामधुमीत चार-पाच लाख रुपये सरकारकडे वर्षभर अडकून पडणे हे काही सुखाचे नाही. भाच्याचा बेत सगळी रक्कम, चौतीस लाख, एकदम आपल्या नावाने एप्रिलमध्ये पाठवायचा होता.

आणि इथे अण्णा जागे झाले. तीस वर्षे ज्या माणसाने दुसऱ्यांची बिले तपासली, त्याच्यासमोर असा हिशेब मांडणे म्हणजे मांजरापुढे दूध ठेवणे होय. त्यांनी २०२५ च्या अर्थसंकल्पाचे वर्तमानपत्र रद्दीतून काढले. सूट असलेली मर्यादा मार्चअखेर सात लाखांची होती, १ एप्रिलपासून दहा लाखांची होणार होती. मर्यादा दर माणशी, दर आर्थिक वर्षी. सूनबाईही नोकरी करणारी, तिची शिल्लक तिच्या खात्यात, तिचा पॅन निराळा. अण्णांनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले : मार्चमध्ये मुलाचे सात, सुनेचे सात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, विमानात बसण्याआधी, दहा आणि दहा. बेरीज चौतीस. आगाऊ कर शून्य. मुलाने एकट्याने एप्रिलमध्ये पाठवले असते तर दहा लाखांवरच्या चोवीस लाखांवर वीस टक्क्यांनी चार लाख ऐंशी हजार अडकले असते. जो पैसा जाऊ नये म्हणून ते पंधरा दिवस भांडले, तो कसा स्वस्तात जाईल हे त्यांनीच पाऊण तासात काढून दिले. ताईने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही.

मग ते हुंडणावळीच्या मागे लागले. भाच्याचे खाते ज्या बँकेत होते तिथे 'परदेशी रक्कम पाठवण्याचे शुल्क माफ' अशी पाटी होती. अण्णांनी तिथला दर लिहून आणला, मग दुसऱ्या दोन बँकांतला, आणि त्या दिवशी बाजारात डॉलरचा खरा भाव काय होता तोही. शुल्क माफ करणाऱ्या बँकेचा दर सर्वांत चढा निघाला. दुसऱ्या बँकेपेक्षा डॉलरमागे एक रुपया दहा पैसे जास्त. रक्कम चाळीस हजार डॉलरांच्या आसपास. म्हणजे माफ केलेल्या हजार-पाचशेंच्या बदल्यात चव्वेचाळीस हजार रुपये! ज्यांना पैसे पाठवायचे असतील त्यांनी माझे बाकी सारे विसरले तरी चालेल, पण शुल्क विचारू नये, "माझ्या इतक्या रुपयांचे तिकडे नक्की किती डॉलर जमा होतील?" एवढेच विचारावे, आणि ते दोन-तीन ठिकाणी विचारावे. अण्णांनी दर दाखवून भाव केला तेव्हा पहिली बँकही खाली उतरली. पेठेतला सराफ आणि वातानुकूलित खोलीतला अधिकारी यांत माणूस म्हणून फारसे अंतर नाही.

सगळेच काही नेता येत नाही आणि नेऊही नये. भविष्यनिर्वाहाचे पंधरा वर्षांचे खाते, ज्याला सगळे पीपीएफ म्हणतात, ते मुदत पुरी होईपर्यंत चालू ठेवता येते. अनिवासी माणसाला नवे मात्र उघडता येत नाही. ते ठेवले. म्युच्युअल फंड विकले, आणि ते जाण्यापूर्वी. हे कारण ऐकून मला नवल वाटले. अमेरिकेचा कर तिथे राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर असतो, आणि परदेशी म्युच्युअल फंडांकडे तिथला कायदा फार वाकड्या नजरेने बघतो. कर जबर आणि कागदपत्रांचे जंजाळ त्याहून जबर. शिवाय आपल्याकडचे कित्येक फंड अमेरिकेत राहणाऱ्याचा नवा पैसा घेतच नाहीत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तिथे गेल्यावर परदेशातल्या सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षातल्या एका दिवशी जरी दहा हजार डॉलरांच्या वर गेली, तरी त्या खात्यांची माहिती तिथल्या सरकारला दर वर्षी कळवावी लागते. कर नसला तरी कळवावी लागते. न कळवल्यास दंड मोठा. दहा हजारांचाच आकडा विमानतळावरही आहे. एका कुटुंबाने मिळून त्याहून अधिक रोकड नेली तर ती जाहीर करायची असते. नेण्यास मनाई नाही, लपवण्यास आहे.

फ्लॅटचा प्रश्न अवघड होता. त्यात अण्णांचे निवृत्तीचे आठ लाख होते. निवासी मालकाने घर विकले तर पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीवर घेणारा एक टक्का कर कापतो. मालक अनिवासी असेल तर कापणी भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे कितीतरी जास्त, आणि गिऱ्हाईक त्या कटकटीने नाक मुरडते. तेव्हा विकायचे तर जाण्यापूर्वी, हे उघड होते. भाचा म्हणाला, "विकून तुमचे आठ लाख आधी तुम्हाला देतो." अण्णा म्हणाले, "मी मागितले का?" त्या संध्याकाळी पुढे कोणीच काही बोलले नाही. फ्लॅट ठेवला. भाड्याने दिला आहे. हा निर्णय हिशेबाने चुकीचा असेल. व्याजाचे आणि भाड्याचे आकडे मांडून भाच्याने मला ते दाखवलेही. रुपयाचे व्याज डॉलरपेक्षा जास्त दिसते खरे, पण तो जास्तीचा भाग वर्षानुवर्षांच्या घसरणीत निघून जातो. १९६६ चा साडेसातचा डॉलर २०२२ साली ऐंशीच्या पलीकडे गेला, यातच सगळे आले. पण काही हिशेब चुकीचेच ठेवावे लागतात.

सोन्याचे ताईने कोणाला विचारलेच नाही. आमच्या आईच्या पाटल्या तिने सुनेच्या हातात घातल्या आणि म्हणाली, "या काही बँकेच्या नाहीत." मी एवढेच सुचवले की विमानतळावर जाताना जकात अधिकाऱ्यांकडून त्यांची नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परत आणताना त्या नव्या घेतल्या असे समजून कोणी कर मागणार नाही. सोन्याच्या प्रवासाची एक हकीकत गोव्याची माणसे सांगतात ती मला त्या वेळी आठवली. पोर्तुगीज अमदानीत लोकांनी बांको नासियोनाल उल्त्रामारिनोत गहाण ठेवलेले दागिने १९६१ साली, गोवा मुक्त होण्यापूर्वी, लिस्बनला हलवले गेले. माणसे इथेच राहिली आणि त्यांच्या बायकामुलींचे दागिने देशांतराला गेले. ते परत आले १९९१ साली. तीस वर्षांत कितीतरी हात ते घालायला उरलेही नसतील.

राहता राहिले बचत खाते. भाचा सातवीत असताना अण्णांनी ते उघडले होते, शिष्यवृत्तीचे पैसे ठेवायला. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला आपले साधे खाते तसेच चालवता येत नाही. ते 'एनआरओ', म्हणजे अनिवासी माणसाचे साधे खाते, असे बदलून घ्यावे लागते. भाडे, व्याज, इथले जे काही उत्पन्न ते त्यात जमा होते. निवासी ठेवीदाराच्या व्याजातून दहा टक्के कापतात, याच्या व्याजातून तीस टक्के आणि वर अधिभार. त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरांपर्यंत बाहेर नेता येतात. त्यासाठी कर भरल्याचा चार्टर्ड अकौंटंटचा दाखला लागतो, पण तो वीस टक्क्यांचा आगाऊ कर लागत नाही. परदेशातली कमाई इकडे पाठवायची तर 'एनआरई' हे निराळे खाते. त्याचे व्याज आपल्याकडे करमुक्त, अमेरिकेत नव्हे.

अण्णांना यातले सगळे मान्य होते, फक्त अर्जावरचा 'अनिवासी' हा शब्द खुपला. "नोकरीला चाललाय. हद्दपार झालेला नाही." खिडकीमागची मुलगी चांगली होती. ती म्हणाली, "काका, नुसता शब्द आहे तो." मग तिने सांगितले की इथल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव खात्याला जोडता येते, 'पहिला किंवा हयात' या अटीवर. म्हणजे पहिला आहे तोवर व्यवहार पहिल्याचा. त्याच्यामागे जो हयात असेल त्याचा.

अण्णांनी ती ओळ चष्मा लावून वाचली. पहिला म्हणजे मुलगा, वय छत्तीस. हयात म्हणजे ते, वय त्र्याहत्तर.

"हे उलटं लिहिलंय," ते म्हणाले.

"सगळ्यांना तसंच असतं, काका," ती मुलगी म्हणाली.

त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि जुने पासबुक रद्द केल्याचा शिक्का मारून का होईना, परत मागून घेतले.